संगमाचा कोरा रकाना

मी जात्याच भित्री. अंगावर पाल पडली म्हणून किंचाळणाऱ्या बायका वेगळ्या. मी छतावर नसलेल्या पालीला भिणारी. आई म्हणायची, "हिला सुख बोचतं." तसं असेलही. पण सत्तरच्या दशकातल्या त्या एका पावसाळ्यात मी ज्या गोष्टीला भ्यायले ती खरोखर घडत होती आणि मला समोर कागदावर दिसत होती, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन.

सांगलीत नदीच्या पाण्याच्या नोंदी ठेवणारं एक ऑफिस होतं, तिथं मी कारकून होते. उन्हाळाभर आम्हाला कुत्रं विचारत नसे. पावसाळा लागला की मागच्या बाजूची खोली झाडून घ्यायची, तिच्यात दोन टेलिफोन आणि एक वायरलेसचा संच आणून ठेवायचा आणि तिला पूर-खोली म्हणायचं. खोलीच्या मधोमध मोठं टेबल आणि त्यावर तक्ता. तक्ता म्हणजे टेबलाएवढाच रुंद, हातानं आखलेला कागद. आडव्या ओळी तासांच्या, उभे रकाने ठिकाणांचे. डावीकडून सुरुवात साताऱ्याच्या अंगाच्या धरणापासून, मग कोयनाकाठ, मग कऱ्हाडचा संगम, मग वरचा पूल, खालचा पूल, आणि शेवटी आमचा सांगलीचा घाट. प्रत्येक ठिकाणी धोक्याची रेषा ठरलेली. पाणी त्या रेषेच्या किती फूट खाली आहे किंवा वर आहे, एवढाच आकडा चौकटीत लिहायचा. पाणी रेषेला टेकलं की शून्य.

ऐकायला सोपं आहे, पण तो तक्ता वापरणाऱ्याचा जीव खायचा. डावीकडचा तास बघून उजवीकडे जाईपर्यंत नजर एक ओळ खाली घसरायची. ओळी भरत खाली आलं की ठिकाणांची नावं टेबलाच्या पार पलीकडच्या काठाला राहायची, मग उठा, वाका, मान वाकडी करा. मी एक लांब लाकडी पट्टी आणली, तिच्यावर त्याच अंतरानं ठिकाणांची नावं लिहिली आणि भरायच्या ओळीच्या वर ती सरकवत न्यायला लागले. नावं कायम डोळ्यांपुढं राहायला लागली आणि ओळही चुकेना. सकाळच्या पाळीचे कारकून मला हसले. "बाईंनी नदीला मोजपट्टी लावली," म्हणाले. पुढं तेही मुकाट्यानं तीच पट्टी वापरायला लागले, पण हसलेलं कुणी परत घेतलं नाही.

दर तासाला ओळ भरली की ती काठावरच्या गावांना टेलिफोनवरून वाचून दाखवायची. त्या काळचा टेलिफोन म्हणजे घशाच्या शिरा ताणून बोंबलायचं काम. पलीकडच्या माणसापुढंही तसाच आखलेला कागद असायचा. आपण नुसते आकडे ओळीनं सांगायचे, त्यानं ते ओळीनं भरायचे. ठिकाणांची नावं घ्यायची नाहीत, आणि एखादा आकडा आलाच नसेल तर तो सोडून पुढचा वाचायचा, असा आमच्या साहेबांचा नियम होता. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं, लाईन कधी जाईल नेम नाही, मागं आणखी गावं ताटकळलेली असतात, तेव्हा फापटपसारा नको. तेही खरंच होतं. शिवाय राहायचा तो बहुतेक वेळा शेवटचा, सांगलीच्या घाटाचा आकडा. घाटावरचा माणूस तो सायकलवरून आणायचा आणि वाटेत चहाला थांबायचा. शेवटचा आकडा राहिला तर बाकीचे जागच्या जागी बसायचे, त्यामुळं या नियमानं कुणाचं काही बिघडलेलं नव्हतं.

आमचं गाव पलूसकडचं, कृष्णेच्या वळणावर, वरच्या आणि खालच्या पुलाच्या मध्ये. संगमाला जे पाणी चढतं ते काही तासांनी आमच्या दारात येतं, म्हणून गावाला बाकी कशाचं नाही तरी संगमाच्या आकड्याचं फार. गाव तसं उंचावर, पण आमची बौद्धवस्ती नदीच्या बाजूला, सखलात. पाणी आलं की पहिलं आमच्याकडं येणार हे आम्हाला जन्मापासून ठाऊक.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पलटणीत हवालदार होते. पेन्शनीत आले आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. मिरजेच्या दवाखान्यात नेलं तोवर वेळ निघून गेली होती. गावात टेलिफोन एकच, सोसायटीच्या ऑफिसात. पावसाळ्यात त्याच्याजवळ दिवसभर बसायला कुणी तयार नसायचं, प्रत्येकाला गुरं, वैरण, शेत. आबा म्हणाले, मी बसतो. छप्पनच्या धर्मांतराआधी ज्या ओसरीवर त्यांना पाय ठेवू दिला नसता, तिथं आता गावातली माणसं त्यांना हाताला धरून नेत होती आणि खुर्ची देत होती. आबांना याचा अभिमान होता. आईला मात्र राग होता. "फुकटची राखण," असं ती त्यांच्यासमोरच म्हणायची.

पण डोळे नसलेल्या माणसाला आखलेला कागद काय कामाचा? आबांनी सुताराकडून एक फळी करून घेतली. ठिकाणागणिक भोकांची एक उभी ओळ आणि प्रत्येक ओळीत बांबूची एक खुंटी. पाणी एक फूट चढलं की खुंटी एक भोक वर, उतरलं की खाली. फळीवरून हात फिरवला की अख्खी नदी कळायची. निदान कळायला हवी होती. मी उन्हाळ्यात रजेवर गेले तेव्हा आबा त्या फळीवर वैतागून बसले होते, कारण सगळी भोकं सारखीच आणि बोट कुठल्या ओळीत आहे तेच उमजत नव्हतं. मी जुना एक तक्ता नेला होता. तो घेऊन समोर बसले आणि ऑफिसच्या पद्धतीनं वाचायला लागले. "तीन कमी, दोन कमी, पाच कमी."

"थांब," आबा म्हणाले. "कुटं हाईस तू?"

"कुठं म्हणजे? इथंच."

"आगं, कागद तुला दिसतोय, मला न्हाई. ठिकान आदी सांग, मग आकडा. ठिकान ऐकलं की माजा हात तितं जातो. आकडा आदी सांगितलास तर तो घिऊन मी कुटं हिंडू?"

मला राग आला. ऑफिसात सगळे असंच वाचतात, असं मी म्हणाले. आबा म्हणाले, "तुज्या हापिसात सगळ्यांना डोळे हायत." मग आम्ही दोघं फळीच्या मागं लागलो. धरणाच्या ओळीच्या डोक्यावर नदीतला एक चपटा गोटा बसवला, कोयनाकाठाला कवडी, संगमाला जोडीनं दोन खिळे, वरच्या पुलाला कातड्याचा तुकडा, खालच्याला दोन तुकडे आणि घाटाला आबांच्या पलटणीच्या कोटाचं पितळी बटण. सगळ्या ओळींची धोक्याची रेषा एकाच उंचीवर आणली आणि तिथून आडवा सुतळीचा दोरा ताणून बांधला. खुंटी दोऱ्याच्या वर गेली की धोका, मग ठिकाण कुठलंही असो. आबांनी त्यावरून तळवा फिरवला आणि पोरासारखे हसले.

नंतर त्यांनी विचारलं, "अन् आकडा आलाच न्हाई तर?"

"तर पुढचा सांगायचा."

"ती खुंटी काडून ठेवायची," ते म्हणाले. "अन् तू सांगायचं, कोरं. गप बसायचं न्हाई. कोरं म्हंजे शून्य न्हवं. शून्य म्हंजे पानी रेषेला टेकलंय. कोरं म्हंजे म्हाईत न्हाई. म्हाईत न्हाई हेबी सांगायला लागतं, पोरी."

पावसाळा लागल्यावर मी हे साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बाई, जे आलंच नाही ते वाचायचं कसं?" पण माझी पाळी असली की मी आमच्या गावाला ठिकाणांची नावं घेऊन वाचायचे; बाकीच्या पाळ्यांना आबा डोक्यावरच्या खुणा चाचपत ओळीनं आकडे लावायचे. साहेब खोलीत आले की मी पुन्हा नुसते आकडे सांगायला लागायचे. म्हणजे नियम मोडायलाही मी भीत होते आणि पाळायलाही.

त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती. पाऊस आठवडाभर लागलेला, भर दुपारी खोलीत दिवा लावावा लागत होता. सकाळचे कारकून डबा आवरत होते. मी छत्री कोपऱ्यात ठेवली, पट्टी सरकवली आणि तक्त्यावर वाकले. संगमाच्या रकान्यात शेवटच्या दोन चौकटी कोऱ्या होत्या.

"संगमाचं काय?" मी विचारलं.

"वायरलेस बंद आहे तिकडचा. येईल."

"मग गावांना काय सांगितलंत?"

"नव्हतंच, तर काय सांगणार? पुढचे वाचले."

मी पट्टीखाली बोट धरून ती ओळ मनात नावांशिवाय वाचली, पलीकडच्या माणसाला ऐकू गेली असेल तशी. कोऱ्या चौकटीच्या आधीच्या ओळीत संगम होता एक कमी. म्हणजे रेषेला एकच फूट बाकी. त्यानंतर संगम गाळून वाचलेला वरचा पूल होता चार कमी, कारण वरचं पाणी अजून पुरतं तिथवर आलेलं नव्हतं. ऐकणाऱ्यानं तो आकडा कुठं भरला असणार? संगमाच्या जागी. एक कमीचं झालं चार कमी. कागदावर संगम तीन फूट उतरला होता. पुढचे सगळे आकडे एकेक रकाना मागं सरकले होते आणि शेवटी घाट कोरा राहिला होता, पण घाट नेहमीच उशिरा येतो, मग शंका कुणाला येणार?

धरणाचा आकडा त्याच वेळी माझ्या डोळ्यांसमोर चढत गेलेला दिसत होता. संगम उतरलेला नव्हता. तो किती चढला आहे हे फक्त कुणाला माहीत नव्हतं.

मी टेलिफोन उचलला. आमच्या गावाची लाईन मधल्या एक्सचेंजमधून जायची. तिथल्या बाई म्हणाल्या, "लाईन मिळत नाही, थांबा." मी थांबले नाही. फोन खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. सकाळचे कारकून जागीच उभे होते. त्यांनाही आता ती ओळ कळली होती. त्यांनी दुसरा टेलिफोन घेतला आणि एकेका गावाला हाक मारायला लागले. मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण ओरडून काय करू? त्यांनी नियमाप्रमाणेच वाचलं होतं.

तेवढ्यात वायरलेस बोलायला लागला. संगम, सात जास्त. साहेब आतल्या खोलीतून धावत आले. त्यांनी तक्त्याकडं पाहिलं आणि दोन्ही कोऱ्या चौकटींवर बोट ठेवलं.

"तुमचं गाव मिळालं," एक्सचेंजच्या बाईंचा आवाज आला, आणि त्यामागं पावसाची खरखर आणि आबा.

"बोल पोरी. संगम उतरलाय न्हवं? चार कमी. गावात सांगून सोडलंय, घाई नगं म्हनून."

त्यांच्या मागून आईचा आवाज येत होता, चिडलेला. "आवं, मला दिसतंय की! पानी धुन्याच्या दगडांवर आलंय. सकाळधरनं चडतंय."

"फळीवर उतरतंय," आबा तिला म्हणाले. "तू गप. मोजनी हापिसातनं आलीया."

"आबा, ऐका," मी ओरडले. "संगम कोरा होता. दोन्ही वक्ताला संगम कोरा."

नुसती खरखर.

"काय म्हन्लीस?"

"संगम कोरा होता. तुमी संगमाला लावलंय ते चार कमी वरच्या पुलाचं हाय. तितनं पुढचं सगळं एक रकाना पुढं न्या. अन् संगमाचा आता आलाय. संगम, सात जास्त."

मग मला खुंट्यांचा आवाज ऐकू आला. बांबूची खुंटी भोकातून निघते तेव्हा बारीक टक्‌ असा आवाज येतो. एक निघाली, बसली. दुसरी निघाली, बसली. ते घाईही करत नव्हते आणि थांबतही नव्हते. शेवटची खुंटी संगमाची. ती हातात घेऊन त्यांचा हात दोन खिळ्यांच्या ओळीतून वर वर चालला असणार, दोऱ्यापर्यंत, दोऱ्याच्या वर.

"फळी पुरत न्हाई," आबा म्हणाले.

दोऱ्याच्या वर आम्ही सहाच भोकं पाडली होती. त्याहून जास्त कधी लागेल असं आम्हाला वाटलंच नव्हतं.

त्यानंतर आबांनी पलटणीतला आवाज काढला. तो मी लहानपणी एकदाच ऐकला होता. टेकावरच्या शाळेत चला, गुरं सोडा, म्हातारीकोतारी आदी, सामान नगं. कुणीतरी पळत गेलं, कुणीतरी हलगी बडवायला लागलं. आई म्हणाली, "मी म्हस सोडून येते." आबा म्हणाले, "जा, लगीच ये." ते दोघांचं बोलणं मला इकडं सांगलीत स्वच्छ ऐकू आलं. म्हैस गाभण होती. मला ओरडावंसं वाटलं की नको जाऊ, पण मी ओरडले नाही.

"पुढची वळ कवा?" आबांनी विचारलं.

"पुढची ओळ नाही, आबा. तुम्ही निघा. फोन ठेवा आणि निघा."

"आसं कसं? माझ्याबिगर हितं कोन ऐकनार? बदली मानूस आल्याबिगर पोस्ट सोडत न्हाईत."

मी रडायला लागले. भीक मागितल्यासारखी बोलत होते आणि ते मला समजावत होते, उलट मलाच. पाणी ओसरीवर आलं तर मला पायाला कळेल, म्हणाले. साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. ते ताठ उभे राहिले, टेलिफोनवर कोण बघतंय, तरी ताठ उभे राहिले.

"हवालदार," ते म्हणाले, "मी इथला अधिकारी बोलतोय. ही पोस्ट बंद केली आहे. ताबडतोब शाळेवर जा. हा हुकूम आहे."

"जी साब," आबांचा आवाज आला, आणि फोन खाली ठेवल्याचा आवाज.

पुढच्या तासाला मी पुन्हा लाईन मागितली. घंटा वाजत राहिली. कुणी उचलत नाही, एक्सचेंजच्या बाई म्हणाल्या. कुणी उचलत नाही याचा अर्थ गेले, सुटले, असं साहेब म्हणाले. मीही तसंच म्हणाले. पण ते गेले म्हणून उचलत नसतील आणि गेले नाहीत म्हणूनही उचलत नसतील, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. संध्याकाळी ते एक्सचेंजच बंद पडलं. मी घरी गेले नाही. वायरलेस बोलला की आकडा लिहायचा, ठिकाणाचं नाव घेऊन वाचायचा. साहेब स्वतः दुसऱ्या टेलिफोनवर बसले होते. खालच्या एका गावाला ते वाचत होते, "कोयनाकाठ, तीन जास्त. संगम, आठ जास्त. वरचा पूल, कोरं. ऐकलंत का? कोरं. खुणेची रेघ मारा तिथं, मोकळं सोडू नका." मी ऐकलं आणि मला कसलंच समाधान वाटलं नाही. मला फक्त आबा आणि आई हवे होते.

सकाळी टेलिफोन वाजला तो आमच्या गावावरचा नव्हता. शाळेच्या टेकामागच्या, माळावरच्या गावचा होता; ती लाईन दुसऱ्या एक्सचेंजवरून यायची.

"रिपोर्ट घे," आबा म्हणाले.

मी हाताला लागला तो कागद ओढला आणि लिहायला लागले.

"थोरली आळी, सगळी आली. सुतारआळी, सगळी आली. मळ्यातली घरं, सगळी आली, दोगं काल रातच्याला पावन्याकडं हुती, त्येबी कळलं. बौद्धवस्ती." इथं ते थांबले. मग त्याच सुरात म्हणाले, "बौद्धवस्ती, एक सोडून सगळी आली. तुजी आई, कोरं."

मी ते लिहिलं. का लिहिलं, कोण जाणे. हात चालत होता म्हणून लिहिलं.

"आबा," मी म्हणाले, "कोरं म्हणजे शून्य नव्हे ना?"

"न्हवं," ते म्हणाले. मग हवालदार संपला आणि माझा बाप बोलायला लागला. "तिला दिसत हुतं गं. सकाळधरनं सांगत हुती. डोळे हायत तिला, अन् मी फळी धरून बसलो. लगीच ये म्हन्लो मी. जाऊच नगं म्हनायचं हुतं."

फळीला ते खिळे मी ठोकले होते. त्या फळीवर हात ठेवून ते इतके निर्धास्त व्हावेत म्हणूनच तर आम्ही ती केली होती. मी म्हणाले, "आबा, चहा घेतला का?" त्यांनी फोन ठेवला.

ती सकाळ मी कशी काढली ते मला नीट आठवत नाही. नदी सांगलीत रस्त्यावर आली होती, बाहेर लोक पाण्यातून चालत होते, आणि मी पट्टी सरकवत आकडे भरत होते. भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. आजवर मी भ्यायले ते होईल होईल म्हणून भ्यायले होते. आता जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, तिकडं कुठंतरी, आणि ते काय हे मला ठाऊक नव्हतं. आई बुडाली असेल तर ती कालच बुडाली होती. मी भिऊन त्यात काडीचा फरक पडणार नव्हता, तरी मी भीत होते. सकाळच्या कारकुनांनी त्यांच्या डब्यातली भाकरी माझ्यापुढं ठेवली. ती तशीच राहिली.

दुपार उलटली तेव्हा पुन्हा माळावरच्या गावची लाईन लागली. मी फोन उचलला आणि बोलले नाही. मला ऐकायचंच नव्हतं. पलीकडूनही कुणी बोलेना. फक्त कुणीतरी जोरजोरानं श्वास घेत होतं. मग टेलिफोन उलटा धरल्यासारखा लांबून आवाज आला.

"ह्यात बोलायचं व्हय? आगं ए, जेवलीस का तू?"

आई. जन्मात पहिल्यांदा टेलिफोन हातात घेतलेली माझी आई.

नंतर कळलं ते असं. म्हैस सोडली तोवर पाणी आडवं आलं होतं. म्हैस पोहत निघून गेली आणि आई गुऱ्हाळघराच्या छपरावर चढली, बरोबर दोन कोंबड्या. सकाळी पोरांनी गूळ करायची मोठी काहील पाण्यात सोडली आणि वल्ह्याच्या जागी फळकुटं मारत तिला आणलं. म्हैस तिच्या आधी शाळेवर पोचलेली होती. पण हे सगळं नंतर. तेव्हा मी फक्त तो प्रश्न ऐकला, जेवलीस का. मी आईवर ओरडले. म्हशीला आग लागो, म्हणाले. कोंबड्यांना आग लागो. तुला अक्कल आहे का, म्हणाले. उभ्या आयुष्यात आईला जे बोलले नव्हते ते सगळं बोलले. साहेब उठून व्हरांड्यात गेले. आई मध्येच म्हणाली, "आवं, ही शिव्या द्यायला लागली," आणि मागून आबांचा आवाज आला, "देऊ दे. तिला म्हनावं, वळ भर."

मी सकाळचा तो कागद शोधला. 'आई, कोरं' असं लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात. त्याच्या पुढं मी 'आली' लिहिलं. आई टेलिफोनमध्ये पुन्हा पुन्हा विचारत होती, जेवलीस का, सांग की, जेवलीस का. मी नाही म्हणाले, आणि पुढ्यातली भाकरी हातात घेतली.